तापली की बंद पडणारी बुलेट आणि परभणीचा बिनपाटीचा मिस्त्री

जुनी, पॉइंटवाली (उघडमिट होणाऱ्या धातूच्या टोकांवर ठिणगी चालणारी) गाडी असेल, तिला करंटचा त्रास असेल आणि तुम्ही परभणी, जिंतूर, सेलू, मानवत या पट्ट्यात राहत असाल, तर हे वाचा. नव्या गाडीवाल्यांना याचा उपयोग नाही. २०२० नंतरची बीएस-सिक्स गाडी आणली तर ज्यांच्याबद्दल लिहितोय ते मिस्त्री, चाचा, तिला हातसुद्धा लावत नाहीत. "उसमें कंप्यूटर है, कंप्यूटरवाले के पास लेके जाओ," एवढं बोलून मोकळे.

दुकानाला पाटी नाही. जिंतूर रोडनं परभणीत शिरलं की टायरची दुकानं लागतात, त्यांच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं शेड आहे. समोर कडुलिंब आणि त्याला टेकवलेला राजदूतचा सांगाडा. तिथं कुणालाही "बुलेटवाले चाचा" म्हटलं की बोट दाखवतात. नाव मी टाकत नाही, कारण त्यांना ते आवडत नाही, आणि फोन ते तसाही उचलत नाहीत.

मी कोण बोलणारा, तेही सांगतो. बोरीला माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मोनोब्लॉक पंप, पाणबुडी, जळालेला स्टार्टर, सगळं येतं. रब्बीला पाणी सुरू झालं की दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. तांब्याची तार, वेढे, इन्सुलेशन, कपॅसिटर यातच माझा दिवस जातो. गार असताना मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) अगदी ठणठणीत दिसणारी मोटार तासभर चालून तापली की बॉडीला शॉर्ट होते, हे मी शेतकऱ्यांना रोज समजावतो. म्हणून कुणी मिस्त्री "कॉइल गेली" म्हणाला की मी आधी विचारतो, कशावरून? बहुतेकांना या प्रश्नाचा राग येतो. चाचांना आला नाही. बाकीचा सगळा रिव्ह्यू त्यावरूनच आहे.

गाडी वडिलांची, १९९३ ची बुलेट स्टँडर्ड ३५०. नंबर एमएच २२, बारा व्होल्ट, पॉइंट आणि कंडेन्सर. पुढं कंपनीनं पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, पण आमची त्या आधीची. तक्रार अशी होती की सकाळी गार असताना एक-दोन किकमध्ये सुरू, आवाज मस्त. बोरीहून निघालं, दहा-बारा किलोमीटर झाले, झरीच्या आसपास आलं की मिसिंग सुरू. सायलेन्सरमधून दोन-चार फटाके आणि गाडी बंद. मग कितीही किक मारा. लिंबाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा पहिल्या किकमध्ये चालू. हिवाळ्यात हा त्रास कमी व्हायचा, मेमध्ये रोजचा. आणि आमच्या परभणीचा मे माहीत नसेल तर एकदा येऊन बघा. पारा चव्वेचाळीसवर गेला तरी इथं कुणी बातमी म्हणून सांगत नाही.

अशी गाडी रस्त्यात उभी असली की सल्ले फुकट मिळतात. पेट्रोलमध्ये भेसळ आहे. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय. कार्बोरेटर साफ करा. पिस्टन धरायलाय. एका जणानं तर "डिझेल इंजिन बसवून टाका, कटकट मिटंल" असं सांगितलं, तेही गंभीर चेहऱ्यानं.

आधी मी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गेलतो. काचेचं ऑफिस, खुर्च्या, पाण्याचा जार, सगळं टापटीप. तिथं प्लग बदलला, प्लगची कॅप बदलली, कॉइल बदलली, कार्बोरेटरची किट टाकली. बिल ३,४०० रुपये. कॉइल कशावरून म्हणालात, असं विचारलं तर उत्तर आलं, "बदलून बघू ना." ढगाळ हवेत काही दिवस गाडी बरी चालली, ऊन पडलं की पुन्हा झरी. जुनी कॉइल मी मागून आणली होती. दुकानात मोजली. प्रायमरी, म्हणजे जाड तार, तीन ओहमच्या वर थोडी, बारा व्होल्टच्या कॉइलला असायला पाहिजे तेवढीच. दोनशे वॅटच्या बल्बखाली चांगली तापवली आणि पुन्हा मोजली, मेगर लावला. काही फरक नाही. म्हणजे चांगली कॉइल काढून माझ्याच पैशानं दुसरी बसवली. ती जुनी अजून माझ्या फळीवर आहे आणि आता स्पेअर म्हणून डिकीत जाणार आहे.

चाचांकडं मी मुद्दाम दुपारी गेलो. गाडी तापूनच पोचावी, हा विचार. पोचली ती ढकलत, वेशीपासून.

त्यांनी पाना उचलला नाही. स्टुलावर बसल्या बसल्या विचारायला लागले. बंद होताना एकदम होते की हळूहळू? फटाके बंद होण्याआधी येतात की किक मारताना? हेडलाइट त्यावेळी मंद होते का? हॉर्न वाजतो का? लाइट लावून चालवली तर लवकर बंद पडते का? पावसात कसं? टाकी भरलेली असताना कसं, रिझर्व्हला कसं? शेवटी, "पहले किसने क्या क्या बदला?" मी यादी सांगितली तर हसले नाहीत, मान हलवली आणि म्हणाले, "मतलब इत्ती चीजां तो नवी हैं. नवी हैं, अच्छी हैं ऐसा नहीं."

हे वाक्य मी लक्षात ठेवलंय. डब्यातून काढलेला पार्ट चांगलाच असतो, या समजुतीवर अर्धी गॅरेजं चालतात.

हळूहळू की एकदम, हा प्रश्न सगळ्यात कामाचा. पेट्रोल कमी पडलं की गाडी म्हाताऱ्या माणसासारखी दम टाकत टाकत थांबते, चोक ओढला तर थोडी उचल खाते. करंट गेला की चाकांच्या जोरावर इंजिन फिरत राहतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि मधेच एखादी ठिणगी पडली की तिथं फटाका वाजतो. आमची दुसऱ्या जातीची होती. पण चाचांनी नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही.

तोवर गाडी थोडी गार झाली होती. त्यांनी ती सुरू करून मधल्या स्टँडवर उन्हात लावायला सांगितली, भिंतीच्या कडेला, हवा लागणार नाही अशी. "होने दो गरम. बीमारी सामने नै आई तो दवा किसकी देना?" एअर-कूल्ड इंजिन, जागेवर उभं, दुपारचं ऊन. फार वेळ लागला नाही. मिसिंग सुरू झालं, दोन फटाके, बंद. तेव्हा कुठं चाचा स्टुलावरून उठले.

सगळ्यात आधी प्लग काढला. ओला. म्हणजे पेट्रोल आत येतंय, जळत नाही. "कार्बोरेटर को छुट्टी," म्हणाले. माझे साडेतीन हजारातले किटचे पैसे तिथंच डोळ्यांपुढून गेले. मग तो प्लग कॅपमध्ये लावून हेडवर टेकवला, हाताखालच्या त्यांच्या भाच्याला किक मारायला सांगितलं. ठिणगी होती, पण पिवळी, बारीक, आणि दोनदा आली तर एकदा नाही. दुसरा प्लग लावून तेच पुन्हा. तशीच. म्हणजे प्लगचाही दोष नाही.

आता जे केलं ते प्रत्येक पॉइंटवाल्या बुलेटच्या मालकानं शिकून घ्यावं, कारण त्याला एकही हत्यार लागत नाही. हेडलाइटच्या डोक्यावर जो अँपिअर मीटर असतो, त्याकडं आपण फक्त चार्जिंग बघायला पाहतो. चाचांनी चावी चालू केली, लाइट बंद ठेवली, डिकम्प्रेशनचा (इंजिनातला दाब सोडणारा) लिव्हर दाबला आणि किक हातानं हळूहळू खाली दाबत इंजिन फिरवलं. काटा मायनसकडं गेला, मग मध्यावर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. पॉइंट मिटले की बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो, काटा मायनसला जातो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, काटा मध्यावर येतो. काटा असा जातायेता असेल तर बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, कॉइलची जाड तार आणि पॉइंट, इतका रस्ता जोडलेला आहे. काटा हललाच नाही तर मधे कुठंतरी तुटलंय, किंवा पॉइंटवर घाण बसून ते चिकटतच नाहीयेत. आणि काटा मायनसलाच अडकून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर त्यांची वायर कुठंतरी बॉडीला लागली आहे. पाच मिनिटांत एवढा फैसला, तोही नट न उघडता. मोठ्या गॅरेजात या मीटरकडं कुणी बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

आमचा काटा व्यवस्थित जातयेत होता. म्हणजे रस्ता जोडलेला, तरी ठिणगी पिवळी. चाचांनी पॉइंटच्या डबीचं झाकण काढलं, वरून पोत्याचा तुकडा धरून सावली केली आणि मला म्हणाले, "मोटरवाले भाऊ, इधर आओ, तुम्हारे काम की चीज है." चावी चालू ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पॉइंट उघडले. टप् करून मोठी निळसर पांढरी ठिणगी पॉइंटमध्येच उडाली. पुन्हा उघडले, पुन्हा तशीच. जी आग प्लगवर पडायला पाहिजे ती इथं पडत होती.

मग पत्र्याच्या डबीतून एक कंडेन्सर काढला, त्याच्या वायरीला आणि बॉडीला मगरीच्या तोंडाचे क्लिप लावलेले. एक क्लिप पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरा इंजिनच्या बॉडीला. पॉइंट उघडले. आता आतली ठिणगी मोहरीएवढी. भाच्यानं किक मारली, प्लगवर निळी, जाड, टक-टक-टक, एकही न चुकता. क्लिप काढला, पुन्हा पिवळी. लावला, निळी. असं त्यांनी मला समाधान होईपर्यंत करून दाखवलं, आणि मग विचारलं, "अब बोलो, क्या बदलना?"

पैसे मी या क्षणाचे दिले, असं समजतो. एक गोष्ट लावली की दोष जातो, काढली की दोष येतो, तेही गाडी तापलेली असताना, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. माझ्या धंद्यात मी यालाच तपासणी म्हणतो. बाकीची अंदाजपंचे दाहोदरसे.

कंडेन्सर नेमकं काय करतो हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून करंट वाहतो आणि गाभा चुंबक होतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबक विरतो, आणि तो जितका झटक्यात विरेल तितका मोठा दाब बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत तयार होतो. बारा व्होल्टचे दहा-पंधरा हजार होतात ते असे. पण वाहता करंट एकदम थांबत नाही. उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीतून उडी मारून तो वाहतच राहायला बघतो, आणि तसा वाहिला की चुंबक सावकाश विरतो, प्लगवरची ठिणगी मरते. कंडेन्सर पॉइंटला समांतर जोडलेला असतो. त्या क्षणी करंट फटीऐवजी त्याच्यात शिरतो, फट तोवर रुंद होते, काम झालं. किंमत साधारण ०.२ मायक्रोफॅरड, करंगळीच्या पेराएवढी डबी. तो मेला की दोन गोष्टी होतात, ठिणगी पिवळी आणि पॉइंट जळके. आमचे पॉइंट काढले तेव्हा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ, अगदी पुस्तकात दाखवावं तसं.

आणि तापल्यावरच का मरतो? तो बसतो पॉइंटच्या डबीपाशी, इंजिनच्या उजव्या अंगाला, जिथं इंजिनची गरमी थेट लागते. आतला टाका किंवा पत्री ढिली झाली असेल तर गार असताना टेकून राहते, धातू फुगला की सुटते. काढलेला कंडेन्सर मी घरी आणून बघितला. पाचशे व्होल्टच्या मेगरनं चार्ज केला, त्याची वायर त्याच्याच बॉडीला टेकवली, टच् असा आवाज आला, बारीक ठिणगी दिसली. म्हणजे जिवंत. बल्बखाली तापवला आणि पुन्हा तेच केलं. चूप. गार झाल्यावर पुन्हा टच्. नुसत्या मल्टिमीटरवर घासून बघणाऱ्याला हा दोष जन्मात सापडला नसता. (मेगरचं काम ज्याला येतं त्यानंच करावं, चार्ज झालेला कंडेन्सर बोटाला चांगला चटका देतो.)

नवा कंडेन्सर लावतानाही चाचांनी घाई केली नाही. बाजारात मिळणारे बरेच माल नावापुरते असतात, हे त्यांना माहीत आहे. त्यांनी नवा कंडेन्सर आधी तापलेल्या हेडवर ठेवला, चांगला गरम होऊ दिला, मग क्लिप लावून ठिणगी बघितली. पहिला नापास. तो त्यांनी तिथंच पक्कडनं चेपला, म्हणजे भाचा चुकून दुसऱ्या कुणाला लावणार नाही. दुसरा पास झाला. आणि तो त्यांनी डबीपाशी न बसवता टाकीखाली, कॉइलच्या शेजारी, फ्रेमला घासून चकचकीत केलेल्या जागी बोल्टनं आवळला. एक टोक पॉइंटच्या वायरीला, बॉडी अर्थला. वीज बघितली तर फरक काहीच नाही, पण इंजिनच्या गरमीतून तो सुटला. "ठंडे में रहेगा तो जियेगा." ही युक्ती जुन्या बुलेटवाल्यांत नवी नाही, पण विचारल्याशिवाय करून देणारा मला हाच भेटला.

पॉइंटही नवे टाकले, ते टाकायलाच हवे होते. गॅप त्यांनी फिलर गेजनं लावला, ०.३५ आणि ०.४० मिलिमीटरच्या मधे. हे लिहायचं कारण, आमच्याकडं अजून करवतीच्या पात्यानं नाहीतर लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं गॅप लावणारे आहेत. पॉइंटची टोकं पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कागदानं पुसली, कारण नव्या पॉइंटवर गंज चढू नये म्हणून तेलाचा हात असतो आणि तेवढ्यानंही करंट अडतो. कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) ग्रीस लावलं, काडीच्या टोकावर मावेल इतकंच. पॉइंटची फायबरची टाच कोरडी घासली की झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागं पडतं. जास्त ग्रीस लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं. टायमिंगला बिडीच्या बंडलचा पातळ कागद. पॉइंटमध्ये कागदाची पट्टी धरायची, इंजिन सावकाश फिरवायचं, पिस्टन वर टेकायच्या किंचित आधी, मिलिमीटरसुद्धा नाही इतकं आधी, पट्टी सुटली पाहिजे. लवकर सुटली तर किक उलटी मारते आणि पोटरी सुजते. फार उशिरा सुटली तर गाडी तापते आणि ओढत नाही. चाचांनी पट्टी सुटल्याचं मला हातात धरून बघायला लावलं.

जाता जाता बॅटरीवर आणि कॉइलच्या टोकावर व्होल्ट मोजले. मधे व्होल्टभर गळत होता. चावीचा स्विच खोलून टोकं घासली, फ्यूजची पत्ती आवळली. याचे वेगळे पैसे नाहीत.

बिल: कंडेन्सर १२०, पॉइंट सेट २२०, मजुरी ३००, एकूण ६४० रुपये. मे गेला, गाडी रोज परभणीला जातेय, एकदा भर दुपारी नांदेडलाही नेली. झरीचा तो लिंब आता मला फक्त रस्त्यावरून दिसतो.

मी बसलो होतो तेवढ्यात एक पोरगा यामाहाची आरएक्स १०० घेऊन आला. तिलाही तापल्यावर करंट जायचा. तिच्यात पॉइंट नसतात, सीडीआय (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असतो, आणि पोरानं कुणाचं तरी ऐकून सीडीआयचा डबा आधीच बदलला होता. चाचांनी मॅग्नेटमधून येणाऱ्या वायरी गाडी गरम असतानाच मीटरवर धरल्या. गरम असताना एका वायंडिंगचा ओहम दिसेना. "डब्बा बिचारा बेकसूर," म्हणाले, आणि प्लेट काढून ती कॉइल भरायला माझ्याकडं बघितलं. पुढची गोष्ट माझ्या दुकानाची जाहिरात होईल, म्हणून सोडतो. सांगायचं एवढंच की गाडी कोणतीही असो, पद्धत तीच होती.

आता जे खटकलं ते. छापील बिल मिळत नाही, मागितलं तर वहीचा कागद फाडून देतात. वेळ लागतो. सकाळी गाडी दिली आणि दुपारी मिळाली, असं इथं होत नाही, कारण तापवायची, बिघडवायची, मग शोधायची. मधे कुणी ओळखीचा आला की चहा, आणि चहाबरोबर जुन्या येझदीच्या गोष्टी, म्हैसूरची कंपनी १९९६ ला बंद पडली त्याचं दुःख अजून घरातलं माणूस गेल्यासारखं करतात. सीटवर ग्रीसचे हात उमटतात, फडकं स्वतःचं न्या. भाच्याचा हात अजून बसलेला नाही. प्लग-ऑइलला ठीक, पण टायमिंग त्याच्याकडून लावून घेऊ नका, चाचा येईपर्यंत थांबा.

एका गोष्टीवर माझं त्यांच्याशी जमलं नाही. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवून द्या म्हटलं तर साफ नकार. म्हणणं असं, की पॉइंट रस्त्यात दगा देतील तर काडीपेटीच्या कडेनं घासून घरी येता येतं, किट दगा देईल तर ढकलत या. बरोबर आहे, पण किती लोकांना आता पॉइंट घासता येतात? रोज पन्नास किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला किट बसवणं सोयीचं पडेल, असं मला वाटतं. कॅम झिजलेला असेल, गॅप सारखा हलत असेल, तर नक्कीच. चाचांपुढं मी हा वाद वाढवला नाही, गाडी त्यांच्या ताब्यात होती.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा बिलाचा कापला.

जाणार असाल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजला बंद असतं, आणि रमजानमध्ये सकाळीच उरका. बॅटरी चार्ज करून न्या, अर्धमेल्या बॅटरीवर ते तपासतच नाहीत, परत पाठवतात. पार्ट विकत घेऊन जाऊ नका, त्यांना ते आवडत नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाहीत. आधी कुणी काय बदललं ते कागदावर लिहून न्या, सगळं विचारतात. आणि टाकीत दोन लिटर तरी पेट्रोल असू द्या, गाडी उन्हात तापवायला ते तुमचंच जळणार आहे.